कडी न घातलेलं दार

लंडनहून आलेल्या पार्सलची सुतळी विनिफ्रेड हार्करनं पाव कापायच्या सुरीनंच कापली. कात्री शोधण्याइतका धीर कुणाला होता! आतला जाडजूड शब्दकोश टेबलावर उघडून ती थेट ‘सेट’ या क्रियापदापाशी गेली आणि एकेका अर्थावरून बोट फिरवू लागली.

कोंबडी कुठेच नव्हती.

तिनं पुन्हा पाहिलं. सूर्य मावळतो तो सेट, जेली थिजते ती सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, सापळा लावतात तोही सेट. सगळे अर्थ जागच्या जागी होते. पण पावसात कोंबडी अंग चोरून उभी राहते त्यालाही सेट म्हणतात, असं लंडनकरांनी छापलं नव्हतं. विनिफ्रेड खुर्चीत बसली आणि चक्क रडली. सिरिल चोर नव्हता.

कोंबडीचा अर्थ तिनंच रचला होता. कोशवाल्यांची ही जुनी रीत. खरा अर्थ सगळ्या गावाचा, तो चोरला हे सिद्ध कसं करणार? म्हणून एखादा खोटा अर्थ मुद्दाम पेरून ठेवायचा. दुसऱ्याच्या कोशात तो उगवला, की चोर सापडला.

नॉर्विचच्या कोशकचेरीत ‘सेट’ या शब्दाचं काम विनिफ्रेडकडे होतं. ते हातात घेतलं तेव्हा तिचे केस काळेभोर होते. लग्नबिग्न राहूनच गेलं. आणि आता, कोश छापायला जायच्या बेतात असताना, सिरिल पोमफ्रेट भेटला. विधुर, हसरा, चहात तीन चमचे साखर घालणारा. दोष एकच, तो लंडनच्या प्रतिस्पर्धी कोशात नोकरीला होता.

“चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात की हो, मिस हार्कर!” कचेरीतली डोरीन सगळ्यांसमोर म्हणाली होती. सगळे हसले. संपादक एल्डरिजसाहेब तेवढे हसले नाहीत.

सिरिलनं लग्नाचं विचारलं, तेव्हा विनिफ्रेड म्हणाली, “तुमचा कोश बाहेर पडू दे, मग सांगते.” आणि एका शनिवारी चहाच्या वेळी तिनं सहज बोलल्यासारखं करून त्याला कोंबडीचा अर्थ खराच असल्यासारखा सांगितला.

सिरिल इतका हसला की त्याचा केक बशीबाहेर पडला. “विनी, तुझ्या कोंबड्यांना माझा नमस्कार सांग! आणि धंद्याचं बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं? चल, मला आणखी एक कप दे बघू.”

तिला स्वतःचीच लाज वाटली. शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसात सुटायची. हा बिचारा लंडनहून येऊन कचेरीच्या फाटकाशी उभा राहायचा, तिची कागदांनी फुगलेली बॅग घरापर्यंत वाहायचा, ती स्वयंपाकघरात खुडबुड करेपर्यंत बाहेरच्या खोलीत मुकाट बसायचा, आणि आपण त्याला सापळा लावतोय! मध्यंतरी एकदा बॅगेतल्या गठ्ठ्याला निरगाठीऐवजी सुरगाठ निघाली होती. वय झालं आपलं, म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

तिनं पुन्हा कोशात डोकं घातलं. आता भीती नव्हती, म्हणून ती आपला लाडका अर्थ शोधू लागली. तो होता. ‘घरचं माणूस यायचंय म्हणून दाराला कडी न घालता ठेवणे.’

फेन्सच्या दलदलीतल्या कुण्या पाद्रीबाबांनी कळवलाय, म्हणून एल्डरिजसाहेबांनी तो स्वतः तिच्या गठ्ठ्यात आणून ठेवला होता. आयुष्यभर ती संध्याकाळ झाली की कडी, वर बोल्ट, असं करून बसायची. हा अर्थ हाती आला तेव्हापासून सिरिल यायचा असला की ती कडी घालत नसे. का, ते त्याला सांगितलं नव्हतं. हे लग्नानंतर सांगायचं, असं तिनं मनाशी ठेवलं होतं. पाद्रीबाबांनी लंडनलाही कळवलं असणार. बरं झालं, दोन कोशांत राहिला म्हणजे शब्द टिकेल.

पार्सलसाठी तिनं त्या शनिवारी रजा घेतली होती, म्हणून दुपारी सिरिल थेट घरीच आला, नुसतं दार ढकलून.

“आला का आमचा कोश? काय म्हणतेस मग?”

“हो म्हणते,” विनिफ्रेड म्हणाली. त्यानं टोपीसकट तिला मिठी मारली.

सोमवारी ती कोश काखोटीला मारून एल्डरिजसाहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, मी लग्न करतेय. आणि डोरीनला बोलवा, तिला दाखवायचंय. कोंबडी नाही यात. मी स्वतःच्या तोंडानं त्याला सांगितली होती, तरी नाही!”

“अभिनंदन,” साहेब म्हणाले. त्यांनी कोश ओढून घेतला आणि ‘सेट’ वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. मग त्यांचं बोट थांबलं.

“हा बघितलात?”

“दाराचा ना? माझा लाडका आहे तो.”

“पोमफ्रेटना सांगितला होतात?”

“छे हो! अजून सांगितलेला नाही.” विनिफ्रेड लाजली. “कुणालाच नाही.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “मिस हार्कर, फेन्समध्ये असा कुणी पाद्री नाही. तो अर्थ मी रचला होता, आणि फक्त तुमच्या गठ्ठ्यात ठेवला होता.”