देन्सिओदादाचा अडॅप्टर

फिलिपिन्समधल्या मारिकिनातल्या आमच्या व्हेपवाल्या, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्या, टोळक्यात देन्सिओदादाच्या यंत्राचं सगळ्यांनाच अप्रूप. खालची बाटली दाबली की रस वर टाकीत चढायचा. कुणीही आपली टाकी त्यावर लावून बघावी, दादा कधी नाही म्हणायचा नाही. त्याची स्वतःची टाकी मात्र जुनी, कुठे न मिळणारी, आणि पितळी अडॅप्टरशिवाय ती कशावरच बसत नसे. टोळक्यातल्याच रोडेलने ती धुऊन आणतो म्हणून नेली आणि हुबेहूब नकली परत दिली. खरी रोडेलच्या स्वतःच्या यंत्रावर बसेना, म्हणून खणात पडून राहिली.

मग दादाच गेला. वहिनींनी शवपेटीत त्याच्या हाताशी यंत्र ठेवलं, वर ती नकली टाकी. उद्या सगळंच मातीआड होणार, म्हणून रोडेलला जरा हायसं वाटलं. कॉफी संपवून तो निघाला.

मयताच्या घरून पाहुण्याला पोचवायला उठायचं नसतं, म्हणून वहिनींनी बसल्या जागेवरूनच हाक मारली. मयताजवळ रात्र जागवायला पत्ते खेळत बसलेलेही मान वर करून बघू लागले.

"रोडेल, इकडे ये बाबा. हे घे."

तळहातावर पितळी अडॅप्टर होता.

"दादांचा आहे वहिनी, पेटीत राहू दे की."

"तू आणून दिलेली टाकी याच्याशिवायच बसली. तेव्हापासून ह्यांनी हा अडॅप्टर उशाशीच ठेवला होता. शेवटी मला म्हणाले,


'रोडेलला दे. याच्यावाचून माझी टाकी बिचाऱ्याला वापरता येत नसेल.'"