चेनची कुरकुर

सगळ्या वस्तीच्या सायकली मिस्त्रींच्या हातून दुरुस्त होऊन लोण्यासारख्या चालायच्या. कुरकुरायची ती फक्त त्यांच्या बायकोची. रोज सकाळी दोघं तळ्याकाठी सायकलवर निघाली की ती पुढून ओरडायची, "अहो, माझ्या चेनला तेल घालायला मुहूर्त लागतो का?"

"असू दे गं. तू कुठवर पोचलीस ते कळतं मला," मिस्त्री मागून म्हणायचे.

ती वारली, आणि मग त्यांनी चेनला तेल घातलं. वरातीमागून घोडं.

आज ते तिचीच सायकल घेऊन एकटे तळ्यावर आले. चेन मुकाट फिरत होती. पण वळणावर कुरकुर ऐकू आली. चेनमधून नव्हे, खालून, पाण्यातून. अगदी त्यांच्या पायडलच्या तालावर.

त्यांनी ब्रेक दाबून पाय टेकले. कुरकुर थांबली नाही. काठाकाठाने पुढे निघाली, तिच्या नेहमीच्या घाईने.

"अगं, थांब की जरा!"

आवाज पार लांब जाऊन विरला. मिस्त्रींनी सायकलचं हँडल धरूनच खाली वाकून पाहिलं. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब एकटंच उभं होतं, पाय फाकून, दोन्ही मुठी पुढे वळलेल्या. मुठींत हँडल नव्हतं. पायांमध्ये सायकलच नव्हती.