शेवटच्या ओळीवर संबळ

चार कार्यक्रम झाले, तरी तेच. महानंदाची धाकट्या बहिणीवरची कविता शेवटच्या ओळीला आली, की चंदनचा संबळ असा कडाडायचा की एक अक्षर कुणाच्या कानी पडत नसे.

आज येलहंक्याच्या बागेत तिनं आधीच बजावलं, "अण्णा, ती गेली त्या दिवसाची ओळ आहे. तिथं हात आवरा. किती वेळा सांगायचं?"

"सरी, अक्का," चंदननं कानडीत होकार भरला.

शेवटची ओळ आली. चंदननं खरंच हात मांडीवर ठेवले. फेऱ्या मारणारेसुद्धा थांबले. महानंदानं तोंड उघडलं आणि दरवेळेसारखाच तिचा आवाज चिरकला.

तिनं चिडून चंदनकडे पाहिलं.

"नुसते बसलाय काय? वाजवा की."