पूर्वेची लाल रेघ

शहरं दूरदृष्टीने वाढतात, असं नियोजन कार्यालयाच्या दारावरच लिहिलेलं होतं. या शहराची दूरदृष्टी चाळीस वर्षांपूर्वी पूर्वेला एका सरळ लाल रेघेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. का थांबली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

नगररचनाकार बाईंनी चार वर्षं खपून पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा केला होता. पूर्वेला सपाट, कोरडी, चांगली जमीन, पश्चिमेला दलदल. शहर कुठे न्यायचं हे बदकांनाही कळलं असतं. पण समितीचे अध्यक्ष त्या रेघेवर बोट ठेवून बसले होते.

"जुनी माणसं उगाच रेघ मारत नसत, बाई. कारण कळल्याशिवाय मी ती ओलांडायचो नाही. आज कळलं तर ठीक, नाहीतर शहर पश्चिमेला."

कारणांना तोटा नव्हता. तीन तज्ज्ञांनी तीन अहवाल दिले होते. एकाला रेघेत वाऱ्याची दिशा दिसली, दुसऱ्याला जमिनीखालचं पाणी. तिसऱ्याने 'पूर्वसूरींचा संयम' यावर एकशे दहा पानं भरली होती.

शेवटी बाईंनी ती रेघ ओढणाऱ्या आरेखकालाच बोलावणं धाडलं. वय ब्याऐंशी. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला सोबत घेऊन काका हजर झाले. इतक्या वर्षांनी बोलावलंय म्हणजे चौकशीच असणार, अशी दोघांची खात्री होती.

"यांनी काहीही केलेलं नाही," खुर्चीत टेकता टेकता काकूंनी सांगून टाकलं. "काही करणारे असते, तर घरी नसतं का केलं?"

बाईंनी जुना मूळ नकाशा टेबलावर पसरला. समितीची सही यावरच व्हायची, असा नियम होता. "काका, ही रेघ नेमकी इथेच का?"

काकांनी चष्मा पुसला. रेघेकडे त्यांनी पाहिलंच नाही, खोलीकडे पाहिलं. टेबलाच्या पूर्वेकडच्या टोकाला, भिंतीच्या जरा अलीकडे, एक लोखंडी कपाट उभं होतं. काकांचा चेहरा खुलला.

"अजून इथेच आहे होय!"

"कोण?"

"कपाट. कागद त्याला अडायचा, साहेब. मग पुढचा भाग दुमडून खाली घातला आणि उरलेल्यात शहर बसवलं. चांगलं बसलं होतं."

अध्यक्षांनी नकाशाची कड उचलून पाहिली. लाल रेघेखाली घडी होती, तंतोतंत. बाईंनी चार वर्षं ती घडी रोज पाहिली होती. हाताने दाबून नीटही केली होती.

"अहो, मग कपाट नाही का हलवायचं?" अध्यक्षांचा आवाज चढला.

"दुसऱ्या खात्याचं होतं, साहेब. लेखी परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला होता."

"मग?"

"उत्तर यायचंय."

पहिल्यांदा काकू हसल्या. "आमच्या घरी तेच! पलंग सरकवायला नको म्हणून यांनी खिडकी बुजवली." मग अध्यक्षांना हसू फुटलं, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. बाई तर इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. जवळ बसण्याजोगा तिसरा अहवालच होता.

"म्हणजे ओलांडायची ना, साहेब?" श्वास सापडल्यावर त्यांनी विचारलं.

"रेघ राहू द्या, आधी कपाट ढकला!"

"पण परवानगी?" हे अर्थात काका.

"चाळीस वर्षांत नकार आला का? नाही ना? मग तो होकारच."

अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या. बाईंनी खांदा लावला. काकूंनी पर्स खाली ठेवली आणि काकांना "तुम्ही नुसतं हं म्हणा" असं बजावून स्वतः जोर लावला. कपाट किंचाळत सरकलं. बाईंनी दोन्ही हातांनी घडी उलगडली. चाळीस वर्षं अंधारात राहिलेली जमीन कोरी करकरीत निघाली. ओढे, टेकडी, पायवाटा, सगळं जागच्या जागी.

बाईंनी लाल पेन्सिल काकांच्या हातात दिली. "तुम्हीच ओढा, काका."

काकांनी पट्टी लावली. नवी रेघ एका दमात ओढली. अध्यक्षांनी सही केली, काकूंनी टाळ्या वाजवल्या.

शहर आता पूर्वेला नऊ किलोमीटर वाढणार आहे. त्यापुढे भिंत आहे.