देवघरातला फोन

“आई, संस्कृतीची वेबसाईट मी केली, म्हणून माझ्या नावावर आहे, पण कोकमाचा धंदा तिचा. साईटचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. मी नसले तर तो तिला दे,” दीप्ती दवाखान्यात मैत्रिणीबद्दल म्हणाली होती. मी हो म्हटलं. लेक गेली, पण फोन देववेना. त्यात तिचा आवाज आहे. देवघरात ठेवून रोज दिव्याबरोबर चार्जिंगला लावते. काल मुंबईहून ओमकार आला. “साईट ताईच्या नावावर, म्हणजे आपलीच. विकतोय.” “संस्कृतीची गिऱ्हाइकं त्यावरच येतात रे.” “मग कागद करायचा होता.” पूजेत माझं मौन असतं. आज त्यातच फोन वाजला. पारोसा ओमकार उंबऱ्याबाहेरून म्हणाला, “विक्रीचा ओटीपी आला. बोलू नको, नुसता दाखव.” मी डोळे मिटले. “आंघोळ करून मीच घेतो.” न्हाणीत पाणी वाजू लागलं. पूजा अर्धी ठेवून फोन पिशवीत घातला आणि सावर्ड्याला संस्कृतीकडे निघाले.