विसाव्या वर्षाचं गाणं

आईने बाबांना धरून आणलं आणि डीजेच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग ती टेबलामागे डीजे म्हणून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळली.

"सगळ्या जगाला नाचवतोस ना? आज यांना बोलतं कर. एकदा मला नावाने हाक मारू देत. मग उद्या सोडून येऊ."

उद्या सकाळी दहाला बाबांना स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत पोचवायचं होतं. तीन महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आईकडे ते भिंतीकडे बघावं तसं बघायचे.

मुलाची विद्या साधी होती. समोरच्याचं वय ताडायचं आणि तो वीस वर्षांचा असताना जे वाजत होतं ते लावायचं. रविवारी संध्याकाळी चार ते सहा या वेळात म्हातारे, सहानंतर कॉलेजची पोरं. क्लब तोच, स्पीकर तेच, फक्त साल बदलायचं. कितीही खडूस माणूस असो, त्याचे पाय हलायचेच. हा हिशेब कधी चुकला नव्हता, आणि त्याला त्याचा थोडा माजही होता.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. त्याने अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचं एक संथ गाणं शोधलं, चालू गाण्याचा आवाज हळूहळू उतरवला आणि हे चढवलं.

दुसऱ्या ओळीला बाबांच्या उजव्या पायाने ठेका धरला. मग ते उठले. कुणाचा हात न धरता उठले! मुलाला भरून आलं. बाबांनी आईचा हात हातात घेतला, दुसरा तिच्या कमरेवर ठेवला आणि तिला तालात फिरवू लागले. नाचणारी म्हातारी जोडपी कौतुकाने बाजूला सरली.

"अगं," बाबा म्हणाले.

आईचा चेहरा उजळला.

मग बाबांनी नाव घेतलं. ते आईचं नव्हतं. घरात ते कुणी कधी ऐकलेलंही नव्हतं.

"किती उशीर केलास," बाबा म्हणत होते. "मला वाटलं, तुझ्या घरचे सोडत नाहीत आता."

आईबाबांचं लग्न झालं तेव्हा बाबा अठ्ठावीस वर्षांचे होते. मुलाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. हिशेबात धरायचं तेवढं राहून गेलं. शरमेने त्याचे कान तापले. आवाज उतरवायला त्याने हात पुढे केला, तर आईने बाबांच्या खांद्यावरून मान हलवली. नको.

"सोडत नव्हतेच," ती बाबांना म्हणाली. "पण आले मी."

बाबा हसले. लग्नाच्या फोटोतही ते असे हसले नव्हते.

गाणं संपत आलं. बाबांची पावलं जड होऊ लागली, नजर पुन्हा भिंतीकडे सरकू लागली. आईने त्यांचा हात घट्ट धरला.

"परत लाव," ती मुलाला म्हणाली.