सुपरमॅसिव्ह म्हणजे किती?

मुलांनो, कल्पना करा. मुखेडच्या एका शाळेत तालुक्याची विज्ञान स्पर्धा आहे. पहिला येईल तो नांदेडला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. तुम्ही महिनाभर तयारी केली आहे आणि परीक्षक तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आठवीतल्या लुंबिनीचं तसंच झालं. तिला 'सुपरमॅसिव्ह' हा शब्द समजावून सांगायचा होता. तिने एका हातात ज्वारीच्या लाह्यांची फुगलेली पिशवी धरली, दुसऱ्या हातात तराजूचं लोखंडी माप.

"किराणा दुकान मांडलं का?" परीक्षक व्यंकटराव सर म्हणाले. मागच्या रांगेतले मास्तर एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

"पिशवी मोठी हाय सर, पण माप भारी. सुपरमॅसिव्ह म्हणजे आकारानं मोठं न्हाई, वस्तुमानानं."

"पाठ केलेलं बोलू नको. तारा संपला, त्याचं कृष्णविवर झालं. त्याला सुपरमॅसिव्ह म्हणशील का?"

हे पुस्तकात नव्हतं.

"न्हाई सर. ते काही सूर्यांएवढंच भरतं. सुपरमॅसिव्ह म्हणायला लाखो सूर्य लागतात. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध हाय, ते चाळीस लाख सूर्यांएवढं हाय."

"तू मोजून आलीस?"

सगळे हसले.

"बस खाली. हे असलं घेऊन नांदेडला जायचं आणि तालुक्याचं नाक कापायचं."

मग शिवशंकर आला. सुपरमॅसिव्ह म्हणजे डोंगराएवढं, असं त्याने ठोकून दिलं. सरांनी "वा रे बाळा" म्हणत त्याची पाठ थोपटली आणि पहिला नंबर त्यालाच दिला.

"सर, पोरीचं बरोबर होतं," मुख्याध्यापक उज्वलाबाई हळूच म्हणाल्या. "तिला लईच बोलून राहिले तुम्ही."

"बोलावंच लागतं, बाई. उद्या माझ्याकडं कुणी बोट दाखवलेलं मला चालायचं न्हाई."

स्पर्धा संपली. फाटकाबाहेर व्यंकटराव सरांनी मोटारसायकल सुरू केली. लुंबिनी समोरून आली, तेव्हा ते दिवसभरात पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले. मागच्या सीटवरची धूळ त्यांनी रुमालाने झटकली.

लुंबिनी क्षणभर त्या सीटकडे बघत राहिली. मग, "तुम्ही व्हा पुढं, बाबा," असं म्हणून ती एकटीच एसटी स्टँडकडे चालायला लागली.